भांडणाला ठेका

रॅप या प्रकाराबद्दल सुशिक्षित मराठी माणसाचं मत ठरलेलं असतं : हे गाणं नव्हे, हे भांडण आहे! मत अगदीच खोटं नाही. फक्त भांडण हा आपल्याकडचा जुना, मान्यताप्राप्त वाङ्मयप्रकार आहे, एवढं तो विसरतो. कलगीवाले आणि तुरेवाले रात्र रात्र भांडत आणि लोक कांबळी पांघरून ऐकत. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात हिपहॉप जन्मलं म्हणतात. आपल्या फडावरच्या सवाल-जबाबाला ही बातमी कुणी सांगितली असती, तर त्याने नुसती मिशी पिळली असती.

'गली बॉय' २०१९ साली आला आणि रॅपला बरे दिवस आले. पण ते बहुतेक हिंदीला. मराठी रॅपवाला आपला मोबाईलवर ठेका लावतो आणि घराच्या गच्चीवर उभा राहून तोंड सोडतो. अशांपैकीच एक राज मुंगासे. त्याने २०२३ साली खोक्यांच्या राजकारणावर गाणं केलं. नाव कोणाचंच घेतलं नाही. तरी एप्रिलमध्ये अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. बिननावाची टोपी हवेत उडवावी आणि लोकांनी धावत येऊन 'ती आमचीच' म्हणावं, यापरतं यश टीकाकाराला दुसरं कोणतं? त्याच महिन्यात 'भोंगळी केली जनता' या गाण्यापायी उमेश खाडे या मुंबईच्या पोरालाही पोलिसांनी बोलावून घेतलं. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासाला घोडा आणि सोन्याचा तोडा मिळाला, असं सांगतात. काळ बदलला, बिदागी बदलली.

आता दोष. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून यमक फुकट मिळतं. 'जातो, खातो, गातो' अशी रांग लावली की आपण तुकोबांच्या शेजारी बसलो, असं पोरांना वाटतं. दुसरा दोष 'मी'चा. मी असा, मी तसा, मला कोण अडवतो! अहो, बढाई शाहीरही मारायचा. पण मारल्यावर समोरच्याचं कोडं सोडवावं लागायचं. इथे कोडंच नाही. तिसरा दोष म्हणजे मुंबईच्या हिंदीचा उसना हेल. याउलट 'स्वदेशी' या मुंबईच्या मंडळींनी २०१९ साली प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन आरेच्या जंगलावर 'द वारली रिव्होल्ट' केलं. तिथे ज्याचं जंगल, त्याचाच आवाज. म्हणूनच ते ऐकताना ठेका बाजूला राहतो आणि झाड दिसतं.

माझ्या मते खरी परीक्षा बारामती तालुक्यातल्या कन्हेरीला घ्यावी. तिथल्या मारुतीपुढे पवार घराण्याच्या प्रचाराचे नारळ वर्षानुवर्षं फुटत आले आहेत. म्हणजे गावाचा कान भाषणांवर पोसलेला. पोकळ शब्द तिथे पहिल्या ओळीलाच ओळखू येतो. देवळाच्या कट्ट्यावर एखादा रॅप लावून बघा. नुसती बढाई असेल तर म्हातारा तंबाखू मळत म्हणेल, "उमेदवार दिसतोय." पण त्यात उसाचं बिल, विहिरीचा तळ आणि लग्न न जमणारा पोरगा आला, तर तो चुना लावायचा थांबेल. भाषणवाला नारळ फोडून निघून जातो. गावाला उलट बोलायला माईक मिळत नाही. तो या पोरांच्या हाती आलाय. म्हणून त्यांनी यमक जरा जपून वापरावं, एवढंच म्हणणं.