देवडीतले प्रश्न : ब्राझीलची प्रवेशपरीक्षा आणि अनेकविषयी सराव

ब्राझीलमध्ये विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला ‘वेस्तिबुलार’ म्हणतात. शब्द आला आहे ‘वेस्टिब्यूल’वरून. म्हणजे आपली देवडी. आत वाडा, बाहेर रस्ता, आणि मधल्या त्या अरुंद जागेत दरवर्षी लाखो मुलं ताटकळत उभी. आज या देवडीत काय विचारतात आणि त्याचा सराव कसा करून घेतात, याबद्दल बोलायचं आहे. विषय लांबचा वाटेल, पण ज्ञान म्हणजे काय हा जुनाच प्रश्न आहे, फक्त इथे तो पाच पर्यायांत छापलेला आहे.

आधी दावणीला काय लागलंय ते सांगतो. ब्राझीलमध्ये सरकारी विद्यापीठात फी नाही, आणि नावाजलेली विद्यापीठं बहुतेक सरकारीच आहेत. शाळांचं मात्र उलटं. ऐपत असलेले खासगी शाळेत जातात, बाकीचे सरकारी शाळेत. म्हणजे बारा वर्षं पैसे मोजलेला मुलगा पुढे फुकट शिकायचा, आणि सरकारी शाळेतली मुलगी फी भरून रात्रीच्या खासगी कॉलेजात जायची. 2012च्या कायद्याने केंद्रीय विद्यापीठांतल्या निम्म्या जागा सरकारी शाळांत शिकलेल्यांसाठी राखल्या, त्यात उत्पन्न आणि वंश यांचाही हिशेब आला. तरी देवडी आहेच.

1998 साली ‘एनेम’ नावाची राष्ट्रीय परीक्षा सुरू झाली. माध्यमिक शिक्षण संपताना मुलाला काय येतं ते पाहणं, एवढाच तिचा हेतू. पहिल्या वर्षी दीड लाखाच्या आसपास मुलांनी नाव नोंदवलं. प्रश्न 63. हा आकडा कुठून आला? परीक्षेच्या आराखड्यात 21 कौशल्यं होती आणि प्रत्येकावर तीन प्रश्न. भौतिकशास्त्राचा विभाग नाही, इतिहासाचा नाही. एकच सलग प्रश्नपत्रिका आणि सोबत एक निबंध. आलेख वाचता येतो का, घटनेमागचं कारण सांगता येतं का, दोन बाजू तोलता येतात का, हे विचारायचं. विषयांच्या भिंती पाडून काढलेली इतकी सरळ प्रश्नपत्रिका एका मोठ्या देशाने राष्ट्रीय पातळीवर काढली, याचं आम्हाला आजही कौतुक आहे.

पण 1998च्या त्या परीक्षेत फारसं काही पणाला लागलेलं नव्हतं, हेही लक्षात घ्या. 2009 साली ती बदलली. चार क्षेत्रं झाली: भाषा, मानव्यविद्या, निसर्गविज्ञान आणि गणित. प्रत्येकी 45, एकूण 180 प्रश्न, अधिक निबंध. या गुणांवर देशभरच्या सरकारी विद्यापीठांत प्रवेश मिळू लागला. (त्याच वर्षी छापखान्यातून पेपर फुटला आणि ऑक्टोबरची परीक्षा डिसेंबरात गेली. हे दुखणं आपल्याला समजावून सांगायला नको.) 2014 साली नोंदणी 87 लाखांच्या पुढे गेली. दीड लाख आणि 87 लाख यांत फरक फक्त गर्दीचा नाही. इतकी मुलं एखाद्या दारासमोर उभी राहिली की दाराशेजारी किल्ल्या विकणाऱ्यांची दुकानं लागतातच. तिथे त्यांना ‘कुर्सिन्यु’ म्हणतात, छोटा कोर्स. प्रकृतीने आपले क्लासच.

आता मूळ मुद्दा. अनेक विषयांना जोडणारा प्रश्न म्हणजे नेमकं काय? ब्राझीलचंच एक उदाहरण घेऊ. प्रश्न आम्ही इथे बोलण्यासाठी रचला आहे, कुठल्या पेपरातला नाही.

साओ पावलो राज्याच्या आतल्या भागात एक पेट्रोल पंप आहे. पंपावर दोन दर लावलेत: पेट्रोल 6 रेआल लिटर, इथेनॉल 3 रेआल 90 सेंटावो. तिथल्या बहुतेक गाड्या दोन्हींवर चालतात, 2003पासून तशा बनतात. काय भरावं? तिथला प्रत्येक चालक हा हिशेब तोंडी करतो. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या 70 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर इथेनॉल भरायचं. इथे 65 टक्के आहे, भरा इथेनॉल. गणित संपलं. पण 70च का? कारण इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच बसलेला आहे, एका अर्थी ते थोडं ‘जळून आलेलं’ इंधन आहे, म्हणून लिटरमागे ऊर्जा कमी. हे रसायनशास्त्र झालं. ते इंधन आलं कुठून? यीस्टने साखर खाल्ली. 180 ग्रॅम ग्लुकोजमधून हिशेबाने 92 ग्रॅम इथेनॉल आणि 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. म्हणजे निम्म्याच्या आसपास साखर पंपावर येण्याआधीच हवेत गेली. आणि एक लिटर इथेनॉलमागे दहा-बारा लिटर तरी मळीचं सांडपाणी उरतं. आपल्या कारखान्यांत त्याला स्पेंट वॉश म्हणतात. तिकडे ते पोटॅशसाठी उसाच्याच रानात सोडतात. हे पाणी जमिनीत किती मुरवायचं आणि ओढ्यात गेलं तर मासे का मरतात, हा जीवशास्त्राचा भाग.

अजून ऊस राहिलाच. सोळाव्या शतकात तो ईशान्येच्या पेर्नांबुकू किनाऱ्यावर रुजला, आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर. गुलामगिरी कायद्याने संपली 1888 साली. 1973च्या तेलसंकटानंतर लष्करी राजवटीने 1975मध्ये इथेनॉलचा राष्ट्रीय कार्यक्रम आणला आणि साओ पावलोत ऊस आणखी पसरला. तोडणीला रोजंदारीची माणसं ट्रकमधून यायची. त्यांना ‘बोइया-फ्रिया’ म्हणतात, म्हणजे थंड जेवण: पहाटे बांधलेला डबा रानात थंडच खाणारी माणसं. आपल्याकडे आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळतात, आणि त्या चर्चेत ब्राझीलचं नाव हमखास निघतं. त्या थंड डब्याचं निघत नाही.

पाहा, विषय आम्ही ओढून आणले का? नाही. ते त्या दराच्या फलकामागेच उभे होते. जग विषयवार लागलेलं नसतं, वेळापत्रक लागलेलं असतं.

आता याचा सराव कसा होतो ते बघा. जुन्या प्रश्नपत्रिकांचे प्रश्न सुटे करायचे. प्रत्येकावर शिक्का मारायचा: हा ऊर्जेचा, हा टक्केवारीचा, हा वसाहतकाळाचा. कुठला घटक किती वेळा आला याची यादी करायची आणि मग दर आठवड्याला ‘सिमुलादो’, म्हणजे नमुना परीक्षा. वर्गात सांगतात, इथेनॉल दिसलं की भागाकार कर, 0.7शी तुलना कर, पुढे चल. एका दिवसात 90 प्रश्न असतात. दुसऱ्या दिवसाच्या पेपरला पाच तास, म्हणजे प्रश्नाला तीन मिनिटं वीस सेकंद. तेवढ्यात थंड डब्याचा विचार कोण करणार? ज्या प्रश्नाने जोडायला शिकवायचं, त्याला सोडवण्यासाठी पुन्हा सुटं केलं. गाय समजून घ्यायला खाटकाकडे पाठवावं, तसं झालं.

दोष एकट्या क्लासचा नाही, प्रश्नाचाही आहे. आम्ही एक साधी कसोटी वापरतो. प्रश्नाचा प्रसंग, म्हणजे चित्र, उतारा, बातमी, हाताने झाका. तरीही उत्तर येत असेल, तर तो प्रसंग केवळ तोरण आहे. वीजबिलाचं चित्र छापलं आणि खाली नुसता किलोवॉट-तासाचा गुणाकार विचारला, तर ते बिल कुणाच्याच घरचं नाही. आणि उलटही करून पाहा. विषयाचं काहीच न शिकलेल्या, पण वाचता येणाऱ्या माणसापुढे प्रश्न ठेवा. नुसत्या उताऱ्यावरून त्याला उत्तर सापडत असेल, तर तिथे विषयच तोरण झाला. एनेममध्ये हा दुसरा प्रकार बराच आहे, आणि आमच्या विषयात, तत्त्वज्ञानात, तर फारच.

2008च्या कायद्याने तत्त्वज्ञान आणि समाजशास्त्र तिथल्या माध्यमिक शाळांत सक्तीचे झाले. एनेममध्ये प्लेटो, देकार्त, ह्यूम येतात. आपल्याकडच्या कुठल्या प्रवेशपरीक्षेत ह्यूम भेटतो? आनंद वाटतो. पण प्रश्न वाचले की आनंद ओसरतो. 2015चं उदाहरण गाजलेलं आहे. सिमोन द बोव्हार यांच्या ‘द सेकंड सेक्स’मधला उतारा दिला होता, स्त्रीपण जन्माने येत नाही, घडवलं जातं, या आशयाचा. देशभर गदारोळ झाला, विचारसरणी लादता वगैरे. त्याच वर्षी निबंधाचा विषय स्त्रियांवरील हिंसाचार होता, म्हणून आगीत तेल. भांडण त्या उताऱ्यावर झालं. प्रश्नाकडे फार थोड्यांनी पाहिलं. प्रश्न एवढाच होता की 1960च्या दशकात या विचाराने कुठल्या प्रकारच्या चळवळीला हातभार लावला. उत्तर: लिंगसमानतेसाठीची जाहीर आंदोलनं. म्हणजे बोव्हार यांचं म्हणणं तपासावं लागत नाही. ‘घडणं’ म्हणजे काय, घडवणारा कोण, मग स्वातंत्र्य कुठे उरतं, यातलं काही लागत नाही. नाव ओळखलं, चळवळ जोडली, झालं. तत्त्वज्ञान आणि इतिहास एका चौकटीत बसवले, पण दोघांची गाठ पडली नाही. सनातन्यांनी ज्या प्रश्नाची इतकी धास्ती घेतली, तो प्रश्न मुळात पुरेसा धोकादायक नव्हता, ही आमची तक्रार आहे.

निबंधाचंही तेच. पाच निकष, प्रत्येकी 200, एकूण 1000 गुण. पाचवा निकष आम्हाला फार आवडतो: मांडलेल्या समस्येवर उपाय सुचवायचा, आणि तो मानवी हक्कांना धरून असला पाहिजे. सतरा वर्षांच्या मुलाला देश विचारतो आहे, तू काय करशील? केवढी मोठी गोष्ट. सरावाने तिचा सांगाडा झाला: कोण करणार, काय करणार, कशाने करणार, कशासाठी, आणि एक तपशील. मग विषय कुठलाही असो, शिक्षण मंत्रालयाने प्रसारमाध्यमांतून जनजागृती करावी. सोबत खिशात ठेवलेलं एखाद्या समाजशास्त्रज्ञाचं वाक्य, बहुधा बाउमन यांचं, कुठेही चिकटेल असं.

यावर कुणी म्हणेल, सर्वांनाच ही चैन परवडत नाही. दिवसभर काम करून रात्री अभ्यास करणाऱ्या मुलीला सांगाडाच हवा. आक्षेप खरा आहे, त्याला बगल देऊन चालणार नाही. शिवाय गुणांची पद्धतही सराव मागते. तिथे आयटेम रिस्पॉन्स थिअरी वापरतात. समान प्रश्न बरोबर आलेल्या दोघांना वेगळे गुण पडू शकतात. सोपे चुकवून अवघड बरोबर आणले, तर तो अंदाजपंचे दाहोदरसे धरला जातो आणि वजन कमी होतं. म्हणून सोपे प्रश्न आधी शोधून काढणं हे कौशल्य आहे, आणि ते जुने पेपर सोडवूनच येतं. सराव करू नका, असं पोट भरलेल्या प्राध्यापकाने सांगू नये.

पण नेमकं गरिबांच्याच वर्गात याहून वेगळं काही घडलं आहे. रिओ दि जानेरोच्या उत्तरेला बायशादा फ्लुमिनेन्स हा कष्टकऱ्यांचा पट्टा आहे. तिथे 1990च्या दशकाच्या सुरुवातीला स्वयंसेवकांनी प्रवेशपूर्व वर्ग काढले. नाव अगदी सरळ, ‘कृष्णवर्णीय आणि गरजूंसाठी प्रवेशपूर्व वर्ग’. गणित, पोर्तुगीज, जीवशास्त्र शिकवायचेच. पण वेळापत्रकात आणखी एक तास होता: संस्कृती आणि नागरिकत्व. तो कुठल्याच पेपरात नव्हता. वेळेची सर्वांत जास्त टंचाई असलेल्या मुलांनी गुण न देणारा तास ठेवला! वंशभेद, राहणीमान, आपल्या वस्तीत पाणी का येत नाही, याची चर्चा तिथे व्हायची. बाकी विषयांना एकत्र बसायला जागा मिळाली ती त्या तासात.

ही जागा ब्राझीलला परकी नव्हती. पाउलो फ्रेइरी यांनी 1963 साली आंजिकोस गावात सुमारे 300 मजुरांना 40 तासांत लिहावाचायला शिकवलं, ते ऐकून आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. त्यांची पद्धत लोकांच्या बोलण्यातले शब्द घेऊन चालायची. ‘तिजोलो’, म्हणजे वीट, हा त्यातला नेहमी सांगितला जाणारा शब्द. ति, जो, लो अशी अक्षरं फोडायची, त्यांतून नवे शब्द जुळवायचे. पण त्याआधी बोलायचं: वीट कोण भाजतो, घर कुणाचं होतं? फ्रेइरींची वीट आणि प्रश्नपत्रिकेतलं वीजबिल, दोन्हींना शिक्षणशास्त्रात ‘संदर्भ’ म्हणतात. फरक एवढाच की वीट त्या माणसाच्या हातात होती. 1964च्या लष्करी उठावानंतर फ्रेइरी तुरुंगात गेले, मग परदेशात.

तेव्हा सराव कसा करावा, असं कुणी विचारलं तर आमचं म्हणणं थोडक्यात असं. दहा प्रश्न सोडवा, पण अकरावा रचा. तिघाचौघांनी मिळून रचा, कारण एकाला रसायनशास्त्र येतं आणि दुसरीचा बाप ऊसतोडीला जातो. प्रश्नापेक्षा चुकीचे चार पर्याय रचणं अवघड असतं, खरा वेळ तिथे द्यावा. पेट्रोल पंपाच्या आपल्या प्रश्नात ‘स्वस्त ते घ्यावं’ हा पर्याय कोण निवडेल? लिटर म्हणजे लिटरच असं मानणारा. आपण लिटर विकत घेतो पण खर्च किलोमीटर करतो, हे त्याच्या लक्षात आलेलं नाही. ‘ऊस कार्बन शोषतो, म्हणून इथेनॉलचा धूर शून्य’ हा पर्याय कोण निवडेल? खत, ट्रकचं डिझेल आणि शेत जाळण्याची जुनी रीत विसरलेला हुशार मुलगा. आणि 70 टक्क्यांचा नियमही ढोबळच आहे, कारण तिथल्या पेट्रोलमध्येच चौथ्या हिश्श्याहून जास्त इथेनॉल मिसळलेलं असतं. हे कुणीतरी वर्गात उठून म्हणालं, की प्रश्न दुरुस्त करायला बसावं लागतं. तासभर जातो. त्या तासात वीस प्रश्न सोडवून झाले असते, हेही खरंच आहे.