देशी वेष आणि चर्चची प्रतिमा

जुन्नरच्या लेण्यांतील तीन शिलालेखांत ‘यवन’ दात्यांची नावे आढळतात. इरिल, चिट आणि चंद या परकीयांनी बौद्ध संघाला पाण्याची टाकी, भोजनमंडप, गर्भद्वार अशी दाने दिली आणि ती प्राकृतात कोरविली. भाषा व दानाची रीत त्यांनी येथली घेतली. परंतु ‘यवन’ हे अभिधान लपविले नाही. आधुनिक काळात मराठी चर्चनेही स्थानिक वाणी स्वीकारून आपली सार्वजनिक प्रतिमा घडविली. या स्वीकारात काय प्रकट झाले आणि काय झाकले गेले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

जुन्नरला लागून असलेल्या नगर जिल्ह्यात ही प्रक्रिया ठळकपणे दिसते. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू केले. १८५७ मध्ये बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीतील वास्तववादी प्रवृत्तीला याच कृतीचे नाव दिले, हे लक्षणीय आहे. या टप्प्यावर चर्चची प्रतिमा शिक्षकाची आणि सुधारकाची होती. तिच्यात खंडनाचा सूर प्रबळ असल्यामुळे तिला आदर लाभला, आपुलकी मात्र लाभली नाही.

ती आपुलकी नारायण वामन टिळकांनी मिळविली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग, भजन आणि कीर्तन हे वारकरी परंपरेला जवळचे प्रकार ख्रिस्तभक्तीसाठी वापरले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान होते. मराठी मनातील ख्रिस्ती प्रतिमेचा सर्वांत लोभस अंश अशा रीतीने संस्थेच्या उंबरठ्याबाहेर घडला. चर्चला लाभलेल्या या प्रतिष्ठेचे श्रेय चर्चच्या प्रचारयंत्रणेपेक्षा तिच्याशी न पटलेल्या माणसाकडे अधिक जाते.

परंतु या देशी वेषाची एक किंमत होती. नगर परिसरातील बहुसंख्य ख्रिस्ती महार व मांग समाजांतून आलेले. वाङ्मयात मान्यता पावलेला ख्रिस्ती चेहरा मात्र ब्राह्मण धर्मांतरिताचा. संतकाव्याशी नाते सांगणारी भाषा अभिजनांना पटली, कारण ती त्यांच्या परिचयाची होती. गावकुसाबाहेरून चर्चमध्ये आलेल्यांचा अनुभव त्या भाषेत मावत नव्हता.

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ येथे वेगळे ठरते. १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनात सोवळे सुटतानाची घालमेल आणि पतीच्या धर्मांतराने संसाराची झालेली ओढाताण विनोदबुद्धीने सांगितली आहे. चर्चचे गुणगान करणे हा त्याचा हेतू नाही. म्हणूनच त्यातून उभी राहणारी प्रतिमा विश्वसनीय वाटते. जातीची जाणीव धर्मांतराने आपोआप विरत नाही, हे सत्य लेखिका झाकीत नाही.

या प्रतिमेची कसोटी अलीकडे पुन्हा लागली. वसईचे कॅथलिक धर्मगुरू, ‘सुवार्ता’चे संपादक आणि हरित वसईच्या चळवळीतील कार्यकर्ते फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला काही संघटनांनी विरोध केला. मराठीत आयुष्य घालविलेल्या लेखकालाही आपले मराठीपण सिद्ध करावे लागले. देशी वेष मान्यता देतो. ती कायमची असते असे नाही.

दुसरीकडे १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध समाविष्ट झाले. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. कायद्यात ज्यांना स्थान नाही, त्यांना वाङ्मयेतिहासातही गौण स्थान असावे, हा योगायोग म्हणता येणार नाही. यापुढील समीक्षेने चर्च किती मराठी झाले एवढेच न विचारता, कोणाच्या मराठीत झाले हे विचारले पाहिजे. जुन्नरच्या यवनांनी स्थानिक भाषेत आपले वेगळेपण कोरले. मराठी ख्रिस्ती साहित्यातील तो अवघड शब्द अद्याप पुरता कोरला जावयाचा आहे.