गाळलेला ‘जो’, राखलेला ‘तो’ : इंग्रजीतील संबंधी सर्वनामाच्या लोपाचा तौलनिक विचार

इंग्रजी वाक्यातील संबंधी सर्वनामाच्या लोपाचा विषय व्याकरणाच्या पुस्तकांत बहुधा एखाद्या टीपेत आटोपला जातो. ‘हू’, ‘व्हिच’ किंवा ‘दॅट’ हे गौणवाक्याचे कर्म असेल तर गाळले तरी चालते, कर्ता असेल तर चालत नाही, एवढाच नियम सांगितला जातो. ‘द बुक यू सेंट मी’ चालते. ‘द बुक केम यस्टर्डे’ हे मात्र ‘काल आलेले पुस्तक’ या अर्थी चालत नाही, ते स्वतंत्र वाक्य होऊन बसते. मराठी अनुवादकाने हा नियम शाळेत घोकलेला असतो आणि त्यासोबत एक गृहीतही नकळत स्वीकारलेले असते : येथे एक शब्द गहाळ आहे आणि अर्थ लावताना तो अध्याहृत मानून भरून काढावयाचा आहे. हे गृहीत तपासण्याजोगे आहे, कारण इंग्रजीतून मराठीत आलेल्या गद्यातील बराचसा अवघडलेपणा त्यातून उद्भवला आहे.

‘लोपा’ची ही कल्पना अठराव्या शतकातील आहे. अ‍ॅडिसनने १७११ साली ‘स्पेक्टेटर’च्या १३५व्या अंकात इंग्रजांच्या शब्दकाटकसरीचे कौतुक करता करता ही संबंधी सर्वनामे ठेवावीत की गाळावीत याबाबत उत्तम लेखकही गोंधळतात, अशी तक्रार केली आणि अकादमीसारखी एखादी संस्था निघाल्याखेरीज हा तंटा मिटणार नाही, असे म्हटले. त्याच वर्षी ७८व्या अंकात स्टीलने ‘हू’ आणि ‘व्हिच’ यांना अर्जदार बनवून ‘दॅट’विरुद्ध गाऱ्हाणे मांडावयास लावले होते. रॉबर्ट लाउथच्या १७६२ सालच्या व्याकरणात विनोद संपतो आणि निवाडा येतो : हा लोप सलगीच्या शैलीत फार बोकाळला आहे, गंभीर शैलीला तो शोभत नाही आणि त्याने संदिग्धता येते. लॅटिनच्या कसोटीवर इंग्रजी घासून पाहणाऱ्या काळाला हे साजेसेच होते. शेक्सपिअरच्या काळात कर्तृपदी असलेले संबंधी सर्वनामही सर्रास गाळले जात असे; ‘देअर इज अ मॅन वॉन्ट्स टु सी यू’ अशी रचना बोलीत पुढेही टिकून राहिली. ऑटो येस्पर्सन यांनी आपल्या बृहद्‌व्याकरणाच्या १९२७ सालच्या खंडात ‘लोप’ हा शब्दच दूर सारला. त्यांच्या मते येथे काहीही गाळलेले नाही. नाम आणि त्याचे गौणवाक्य एकमेकांना भिडवून ठेवले आहे. म्हणून त्यांनी या रचनेला ‘संपर्क-वाक्य’ या अर्थाचे नाव दिले. ‘द बुक यू’ अशी दोन नामपदे शेजारी येताच श्रोत्याला सांधा कळतो. जोड निकटतेने साधली आहे. तिथे अदृश्य सर्वनाम कल्पिण्याची गरज उरत नाही.

भारतीय परंपरेत हा प्रश्न वेगळ्या दारातून आला. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात अविमृष्टविधेयांश या दोषाच्या ओघात ‘यद्’ आणि ‘तद्’ यांच्या परस्परापेक्षेची चर्चा केली आहे; तिच्यामागे महिमभट्टाचे ‘व्यक्तिविवेका’तील विवेचन उभे आहे. या चर्चेचे सार असे. ‘यद्’ पूर्ववाक्यात आला आणि ‘तद्’ आलाच नाही, तर वाक्य साकांक्ष राहते. ‘यद्’ उत्तरवाक्यात आला तर पूर्ववाक्यातील ‘तद्’ अर्थसामर्थ्यानेच कळतो. उलट ‘तद्’ एकटा उभा राहू शकतो तो तीन ठिकाणी : वस्तू नुकतीच प्रस्तुत झालेली असेल, ती प्रसिद्ध असेल किंवा ती अनुभवलेली असेल तेथे. शब्द गाळता येतो की नाही हे येथे कर्ता-कर्माच्या हिशेबाने ठरत नाही. श्रोत्याला काय ठाऊक आहे यावर ते ठरते. व्याकरणाचा प्रश्न साहित्यशास्त्राने आपल्या हाती घेतल्याचे हे उत्तम उदाहरण असूनही तौलनिक अभ्यासात त्याची दखल क्वचितच घेतली जाते.

मराठीचा व्यवहार या दोहोंशी ताडून पाहावा. ‘तू पाठवलेस ते पुस्तक’, ‘काल आली होती ती मुलगी’, ‘आम्ही राहत होतो ते घर’, ‘तो आला तेव्हा’, ‘सांगेल तसे कर’ : बोली मराठीत अशी वाक्ये पावलोपावली भेटतात. यांत ‘जो’ गळतो, ‘तो’ मात्र कधीच गळत नाही. मम्मटाच्या परिभाषेत याची उपपत्ती सहज लागते. ‘तू पाठवलेस’ एवढे म्हणताच वस्तू प्रस्तुत होते. मग ‘ते’ला आधारासाठी ‘जे’ लागत नाही. येथे कर्त्यालाही मज्जाव नाही, कारण ‘ती मुलगी’ हे पद सांधा स्पष्ट करते. इंग्रजीत ‘हूज’ कधीच गळत नाही. मराठीत ‘भाऊ वारला तो मुलगा’ असे बेलाशक म्हणता येते. हिंदीत ‘तुमने जो किताब भेजी थी’ येथील ‘जो’ सहसा टिकून राहतो, तर कन्नडात ‘नीनु कळिसिद पुस्तक’ अशा धातुसाधित रचनेत ‘जो’ही नाही आणि ‘तो’ही नाही. मराठीने दोहोंच्या मधली जागा पकडली आहे.

असे असताना अनुवादित कथा-कादंबऱ्यांत ‘ते पुस्तक, जे तू पाठवलेस’ हे वाक्य का येते? मूळ इंग्रजीत ‘व्हिच’ नसतानाही अनुवादक आधी ते मनात भरतो, मग त्याचे ‘जे’ करतो आणि स्वल्पविरामानंतर मांडतो. नामाच्या मागून येणारा ‘जो’ मराठीला परका नाही. स्तुती करताना किंवा अधिकची माहिती जोडताना तो जुन्या काव्यातही येतो. कोणते पुस्तक हे ओळखून देण्यासाठी तो वापरला की मात्र वाक्य लंगडते. दुसरी पळवाट धातुसाधिताची आहे. ‘तू पाठवलेले पुस्तक’ निर्दोष आहे, परंतु ‘तू पाठवणार होतास ते पुस्तक’ याऐवजी ‘तू पाठवणार असलेले पुस्तक’ असे लिहिले की वृत्तपत्री भाषा डोकावते. क्रियापदाचा काळ आणि अर्थ शाबूत ठेवण्याची ताकद पहिल्या रचनेत आहे, दुसरीत नाही.

खरे नुकसान व्याकरणशुद्धतेचे नसून शैलीच्या श्रेणींचे आहे. इंग्रजी निवेदक ‘द लेटर शी रोट’ म्हणतो तेव्हा तो वाचकाच्या जवळ बसलेला असतो. ‘द लेटर व्हिच शी हॅड रिटन’ म्हणतो तेव्हा त्याने अंगरखा चढवलेला असतो. लाउथला जी सलगी खुपली, तीच येथे कादंबरीकाराचे साधन होते. मराठीत ‘तिने लिहिले ते पत्र’ आणि ‘तिने जे पत्र लिहिले होते ते’ अशा दोन पायऱ्या तयारच आहेत. अनुवादकाने सर्वत्र दुसरीच वापरली तर नोकर, न्यायाधीश आणि प्रेमपत्र लिहिणारी नायिका असे सगळेच एका सुरात बोलू लागतात.

मराठी रचनेलाही मर्यादा आहेत, आणि त्या विभक्तीच्या बाजूने येतात. इंग्रजी आपले शब्दयोगी पद वाक्याच्या शेवटी लोंबकळत ठेवते : ‘द हाउस वी लिव्हड इन’. मराठीत ‘ज्या’ गेला की त्याच्याबरोबर ‘त’ हा प्रत्ययही जातो आणि घरात राहावयाचे असते हे क्रियापदावरून समजून घ्यावे लागते. घराच्या बाबतीत ते समजते. ‘द मॅन शी टेस्टिफाइड अगेन्स्ट’ येथे मात्र ‘तिने साक्ष दिली तो माणूस’ असे केल्यास साक्ष त्याच्या बाजूने होती की विरोधात, हे कळण्यास मार्ग राहत नाही. खटल्यावर उभ्या असलेल्या कादंबरीत येथे ‘ज्याच्याविरुद्ध’ यावाच लागतो आणि वाक्य तेवढ्यापुरते दरबारी होते. मूळ वाक्यातील सैलपणा मग शेजारच्या वाक्यात, जेथे ‘जो’ आपसूक गळतो तेथे, भरून घ्यावा लागतो.