बळी, त्याग, हौतात्म्य : भिलाईच्या संदर्भात एका संकल्पनेचा विचार

धर्माच्या अभ्यासात 'बळी' ही संकल्पना ईश्वरविद्या आणि समाजशास्त्र यांच्या सीमेवर उभी आहे. ईश्वरविद्येच्या दृष्टीने बळी हे देवतेप्रत केलेले समर्पण होय. समाजशास्त्राच्या दृष्टीने तो समूह आणि पवित्र यांच्यातील व्यवहार होय. आंरी ह्यूबेर आणि मार्सेल मोस यांनी १८९९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात या व्यवहारातील स्थाने वेगळी केली : ज्याला फळ मिळते तो यजमान, विधी पार पाडणारा ऋत्विज आणि ज्याचा वध होतो तो बळी. वैदिक यज्ञ हा त्यांचा एक प्रमुख आधार असल्याने ही विभागणी आपल्याला परकी वाटत नाही. परंतु जेथे प्रत्यक्ष विधीच नाही तेथे ती लागू पडते काय?

या प्रश्नासाठी भिलाईचे उदाहरण उद्बोधक आहे. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानुसार दुर्ग जिल्ह्यात पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या बांधणीसाठी नरबळी दिल्याच्या परिसरातील आख्यायिकांचा विचार जोनाथन पॅरी यांनी २००८ च्या निबंधात केला आहे. त्यांच्या शीर्षकातील एका इंग्रजी शब्दाला मराठीत मात्र 'बळी' आणि 'त्याग' असे दोन प्रतिशब्द द्यावे लागतात. ही भाषांतराची अडचण नसून संकल्पनेचीच उकल आहे.

बांधकामासाठी माणूस गाडण्याचे कथाबीज दूरवर पसरलेले आहे. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची दंतकथा, कन्नडमधील 'केरेगे हार', रुमानियातील मेस्टर मनोले, ग्रीसमधील आर्ताचा पूल ही त्याची ठळक रूपे. मिर्चा एलिआदे यांनी त्यात विश्वनिर्मितीच्या आद्य बलिदानाची पुनरावृत्ती पाहिली. बळीची गरज का भासते, याचे उत्तर त्यातून मिळते. बळी म्हणून कोणाची निवड होते, याचे मिळत नाही. कन्नड कथेत तळ्याला अर्पण होते ती घरातील धाकटी सून. पुरंदरच्या प्रचलित कथेत गाडले जाते ते महार जोडपे. विश्वोत्पत्तीच्या अर्थापेक्षा ही निवड अधिक बोलकी आहे.

मराठीची क्रियापदे येथे उपयोगी पडतात. 'बळी देणे' म्हटले की देणारा दिसतो; 'बळी घेणे' म्हटले की घेणारा. 'बळी जाणे' म्हणताच दोघेही अदृश्य होतात. 'त्याग' या शब्दाने तर बळीलाच यजमानपद मिळते. नेहरूंनी १९५४ मध्ये भाक्रा-नांगलच्या संदर्भात अशा प्रकल्पांना मंदिराची उपमा दिली. प्रकल्प मंदिर ठरला की विस्थापिताची जमीन नैवेद्य ठरते आणि ती घेतली गेली की दिली गेली, हा प्रश्न मागे पडतो. विधी नसतानाही यजमान, ऋत्विज व बळी ही स्थाने उरतात. त्यांची नावे मात्र बदलतात.

तिसरी संकल्पना हौतात्म्याची. भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा येथे १९७७ च्या गोळीबारात ११ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ कामगारांनी १९८३ साली शहीद हॉस्पिटल उभारले. येथे मृत्यूचे फळ राष्ट्र नावाच्या अमूर्त यजमानाकडे न जाता रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचते. शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली. १ जुलै १९९२ च्या भिलाईतील गोळीबारात १६ कामगार मारले गेले. त्यांनाही 'शहीद' म्हटले जाते. मात्र हे कामगार आपल्या मागण्यांसाठी जमले होते, मरणासाठी नव्हे. हौतात्म्याचा गौरव करताना हा भेद पुसला गेला, तर मारणारा पुन्हा अदृश्य होतो.

म्हणून बलिदानाच्या कोणत्याही संहितेला, मग ती लोकगीत असो वा राष्ट्राचे भाषण, तौलनिक अभ्यासकाने प्रथम व्याकरणाचा प्रश्न विचारावा : वाक्याचा कर्ता कोण? बळी काय झाला हे सांगणारी आख्याने पुष्कळ आहेत. यजमान कोण होता, हे सांगणारी थोडी.