वाळूरोधक चाळणी
तेल व वायू यांच्या विहिरीत सैल वालुकाश्मातील कण शिरू नयेत म्हणून बसविलेली फटींची पोलादी नळी. फट रुंद असल्यास वाळू आत येऊन झडपा झिजवते. अरुंद असल्यास चाळणी तुंबून उत्पादन घटते. सी. जे. कोबर्ली यांचा १९३७ मधील निकष भरड कणांच्या व्यासावर आधारलेला होता. कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठाच्या प्रयोगांत बारीक कण व प्रवाहवेग यांचाही विचार झाला, हे महत्त्वाचे होय. तथापि अल्पमुदतीच्या चाचण्यांत अनेक वर्षांचा गंज व क्षारांचा साका सहसा उमटत नाही. निकषांची व्याप्तीही मर्यादित आहे. अर्नाळ्याची पुळण वाळूची असली, तरी तिच्या पश्चिमेस भर समुद्रात १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायचा मुख्य तेलसाठा चुनखडकात आहे. म्हणून खडकाचा नमुना तपासल्याविना चाळणी निवडणे सदोष ठरते.