दीड मिलिमीटरची जागा

राजापूरजवळ आमच्या आजोळी माजघरात एक जुनं सागवानी कपाट आहे. मे महिन्यात गेलो की त्याचं उजवं दार मी आवर्जून बघतो. चौकट आणि मधलं पॅनेल जिथे भेटतात तिथे दोन्ही अंगांना एकेक फिकट, पॉलिश न लागलेली उभी रेघ दिसते. जुलैत जावं, तर रेघ गायब!

दाराचं सगळं मर्म या रेघेत आहे. झाड तोडलं, फळ्या वाळल्या, कपाट झालं, तरी लाकूड हवेतली ओल पिणं सोडत नाही. फुगतं ते रुंदीत. लांबीत जवळपास नाहीच. हे पॅनेल ४० सेंटिमीटर रुंद. लाकडातली ओल ४ टक्क्यांनी वाढली, तर सागाची एवढी फळी ३ मिलिमीटरपर्यंत रुंदावू शकते. ऐकायला किरकोळ, पण अडवलं, तर फळी तडकते किंवा चौकटीचे सांधे उकलतात.

सुतारानं अडवलंच नाही. चौकटीच्या पट्ट्या सात सेंटिमीटरच्या; त्या फुगून फुगणार अर्धा मिलिमीटर. कोपऱ्यांत त्या सरसाने पक्क्या केल्या. आतल्या कडांना खाच पाडली, पॅनेलच्या कडा रंध्याने निमुळत्या केल्या आणि ते खाचेत नुसतं सरकवलं. तिथे सरसाचा थेंब नाही. वर आणि खाली, अगदी मधोमध, एकेक बारीक मेख. म्हणजे पसरणं-आकसणं दोन्हीकडे सारखं, दीड-दीड मिलिमीटर. उन्हाळ्यात बोटाने दाबलं, की पॅनेल जरासं खुळखुळतं.

डाव्या दाराचं हे खुळखुळणं घरात कुणाला तरी खटकलं. दुरुस्तीला आलेल्या कारागिराने ऐन पावसाळ्यात खाचेत सरस भरला. दार कसं घट्ट झालं! पुढच्या उन्हाळ्यात आकसू पाहणारी फळी वरपासून खालपर्यंत चिरली.

जाणकार म्हणतील, पॅनेल बसवण्याआधीच त्याच्या कडांना पॉलिश करायला हवं होतं. खरंच आहे. इथे ते दार जोडून झाल्यावर, फळी फुगलेली असताना केलं, हे ती रेघच सांगते. पण ही चूक झाली नसती, तर सुताराने राखलेली जागा मला कधी दिसलीच नसती.