नाग, लांडगा आणि घरातला माणूस

ओसामू तेझुका या जपानी चित्रकथाकाराच्या ‘व्हॅम्पायर’ या चित्रकथेवरून १९६८ साली तिकडच्या टीव्हीवर एक मालिका झाली. जपानी शिकणाऱ्या माझ्या भाचीने यंदा सुट्टीत तिचे काही भाग दाखवले. नावावरून मी रक्तपिपासू पिशाच्च बघायच्या तयारीने बसलो होतो. निघाले भलतेच. माणसांत लपून राहणारी ही एक जमात. तिच्यातला तोप्पेई चंद्र पाहिला की लांडगा होतो, एरवी तेझुकाच्याच स्टुडिओत नोकरी करतो. तेझुका स्वतःही पडद्यावर वावरतो. खरा क्रूर आहे तो रॉक, आणि तो निखळ माणूस. त्याचे नाव मॅकबेथवरून बेतलेले आहे.

पाहता पाहता मला आपल्या धारवाडचा नाग आठवला. गिरीश कार्नाड जन्माने माथेरानचे, घरची भाषा कोकणी, कॉलेज धारवाडचे आणि नाटके कन्नड. ती छापली इथल्याच मनोहर ग्रंथमालेने. त्यांच्या ‘नागमंडल’ला (१९८८) आता तीन तपे उलटली. ‘ते कानडी नाटक’ म्हणून मी कित्येक वर्षे ते हातात घेतले नव्हते. आमच्यासारख्या मराठी घरांचा हा करंटेपणाच, दुसरे काय?

कथा त्यांनी ए. के. रामानुजन यांच्याकडून ऐकलेली. अप्पण्णा बायकोला, राणीला, घरात कोंडून बाहेरून कुलूप लावतो. दुपारी येतो, आंघोळ करतो, जेवतो आणि बाहेरख्यालीला जातो. वशीकरणाची मुळी घातलेली आमटी राणी घाबरून वारुळात ओतते. नाग तिच्यावर भाळतो आणि रात्री अप्पण्णाचे रूप घेऊन येऊ लागतो. दिवसाचा नवरा खेकसतो, रात्रीचा हळुवार बोलतो. राणीला फरक कळत नाही असे नाही, पण ती विचारत नाही. हे न विचारणे हाच मला नाटकाचा गाभा वाटतो. विचारले तर बोलणारा जाईल आणि कुलूप तेवढे राहील.

टी. एस. नागाभरण यांचा यावरचा चित्रपट १९९७ चा. प्रकाश राज यांनी नवरा आणि नाग दोन्ही केले. तो टीव्हीवर लागला तेव्हा माझी मावशी शेजारी बसली होती. तिचे कानडी बाजारापुरते. मी मध्येमध्ये अर्थ सांगत होतो. तिने हातानेच मला गप्प केले. थोड्या वेळाने म्हणाली, “रात्रीचा तरी बोलतो.” काका समोरच पेपर वाचत होते. पुढे मी अर्थ सांगितला नाही.

आपल्या ‘रात्रीस खेळ चाले’नेही असेच काही साधले होते, पण दुसऱ्या भागात (२०१९), अण्णा नाईक जिवंत असताना. बायकोपोरांना धाकात ठेवणारा हा बाप पाहिला की भुताची गरजच पडत नव्हती. २०२१ च्या तिसऱ्या भागात त्याचे भूत झाले आणि माझी तरी भीती संपली. भुताला भिऊन टीव्ही बंद करता येतो. अण्णासारख्याच्या घरात मात्र नांदावे लागते.

कार्नाडांशी माझे एक भांडण आहे. दिवस गेल्यावर गाव राणीला दिव्य करायला लावते. वारुळात हात घालून ती शपथ घेते, नवरा आणि हा नाग यांच्याखेरीज कोणाला स्पर्श केला नाही. शब्दन् शब्द खरा! लगेच गाव तिला देवी करते. व्यभिचारिणी नाहीतर देवी, मध्ये बाईला जागाच नाही. कार्नाड याला हसतात की काय, ते मला अजून नीट उमगलेले नाही.

गंमत म्हणजे ही कथा सांगितली जाते पडक्या देवळात, घरोघरचे दिवे मालवल्यावर तिथे जमलेल्या ज्योतींसमोर. नाग राणीच्या केसांत मरतो हा शेवट त्यांना पटत नाही. मग दुसरा होतो: नाग जिवंत सापडतो आणि राणी त्याला केसांतच राहा म्हणते. अप्पण्णा त्याच घरात आहे. त्याला काही कळत नाही.